फ्रान्समधल्या छोट्या गावात राहायला जाताय? आधी गावाचा आकडा वाचा

गावच्या कचेरीत पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी पासपोर्ट मागितला नाही की भाडेकरार मागितला नाही. "घरात माणसं किती? त्यांत मुलं किती?" एवढंच विचारलं. दोन मुलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्या आनंदाचा अर्थ मला नंतर कळला. शाळेतला एक वर्ग टिकणार की बंद होणार, हे त्या वर्षी तीन-चार पोरांवर अडलं होतं.

हे गाव क्रोझ जिल्ह्यातलं. क्रोझ म्हणजे फ्रान्सच्या जवळजवळ मध्यावरचा, जुन्या लिमूझँ भागातला डोंगराळ आणि विरळ वस्तीचा जिल्हा. लग्नामुळे, नोकरीमुळे किंवा घरून काम करता येतं म्हणून अशा गावात राहायला येणारी मराठी माणसं आता अधूनमधून भेटतात. पॅरिसमध्ये राहायचं कसं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. खेड्यात यायचं असेल तर मात्र सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी लागते, आणि माझ्या मते ती लोकसंख्येपासून करावी. इथे पाववाला येणार की नाही, शाळा चालणार की नाही, पंचायतीत किती माणसं बसणार, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. तुम्ही आलात की तो आकडा बदलतो.

पहिली पायरी: 'गाव' म्हणजे काय ते समजून घ्या

फ्रान्समध्ये कारभाराचं सगळ्यात लहान एकक म्हणजे 'कम्यून'. १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, म्हणजे क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, जुन्या धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, जागी कम्यून आले. आज ते जवळजवळ ३५,००० आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कम्यूनमध्ये ५०० पेक्षा कमी माणसं राहतात. महाराष्ट्राची लोकसंख्या फ्रान्सच्या दीडपटीहून जास्त असूनही आपल्याकडे ग्रामपंचायती साधारण २८,००० आहेत, यावरून तिथली गावं किती लहान असतील याचा अंदाज येईल. पॅरिस हाही कम्यूनच, आणि दीडशे माणसांचं आमचं गाव हाही कम्यूनच. दोघांनाही महापौर असतो, त्याला 'मेर' म्हणतात, आणि त्याच्या कचेरीला 'मेरी'.

कम्यून म्हणजे एकच वस्ती असं समजू नका. चर्च, मेरी आणि असलंच तर एखादं दुकान जिथे असतं तो मधला भाग म्हणजे 'बूर'. बाकीची माणसं आजूबाजूच्या वाड्यांमध्ये विखुरलेली असतात. वाडीला 'आमो' म्हणतात, आणि एकट्यादुकट्या घराच्या जागेलाही स्वतःचं नाव असतं, ते 'लिय-दी'. कोकणातल्या माणसाला ही रचना लगेच समजते. घर बघताना ते बूरमध्ये आहे की वाडीत, हे आधी विचारा. वाडीत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचलं की तुम्ही आणि दोन शेजारी एवढंच जग उरतं. गाडी नसेल तर वाडीतलं घर घेऊ नका, ते कितीही स्वस्त असलं तरी.

२०२२ च्या एका कायद्याने लहान कम्यूननाही रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक देणं बंधनकारक झालं. त्यामुळे जुन्या कागदांवर तुमच्या घराचा पत्ता नुसत्या वाडीच्या नावाने असेल आणि नव्या कागदांवर क्रमांकाने. दोन्ही लिहून ठेवा.

दुसरी पायरी: निघण्याआधी आकडा काढा

फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेचं नाव 'इन्से'. तिच्या संकेतस्थळावर कम्यूनचं नाव टाकलं की त्या गावाची पूर्ण माहिती फुकट मिळते. तिथे लोकसंख्येचे दोन-तीन आकडे दिसतील. तुम्हाला हवा तो 'पोप्युलास्याँ म्युनिसिपाल', म्हणजे जी माणसं नेहमी त्या गावातच राहतात ती. 'पोप्युलास्याँ तोताल' या दुसऱ्या आकड्यात, राहायला दुसरीकडे असून गावाशी धागा राखून असलेली माणसंही धरतात, उदाहरणार्थ शिकायला शहरात गेलेली मुलं. अशी माणसं दोन गावांच्या एकूण आकड्यांत येतात, म्हणून दोन गावांची तुलना करायची असेल तर पहिलाच आकडा घ्या.

हा आकडा आजचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होणारी लोकसंख्या तीन वर्षांपूर्वीच्या स्थितीची असते. १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या कम्यूनमध्ये प्रत्यक्ष मोजणी पाच वर्षांतून एकदाच होते, मधल्या वर्षांचा आकडा हिशेबाने काढतात.

मग घरांचा तक्ता उघडा. माझ्या मते लोकसंख्येपेक्षा हा तक्ता जास्त बोलका आहे. त्यात तीन प्रकार असतात: कायम राहती घरं, सुट्टीपुरती घरं आणि रिकामी घरं. देशभरात साधारण दहातलं एक घर सुट्टीपुरतं असतं. क्रोझसारख्या जिल्ह्यात हे प्रमाण खूप जास्त आहे, आणि रिकाम्या घरांच्या बाबतीत हा जिल्हा देशात वरच्या क्रमांकांत आहे. ज्या गावात अर्धी घरं सुट्टीपुरती, ते गाव ऑगस्टमध्ये गजबजलेलं दिसेल आणि नोव्हेंबरमध्ये तुमच्या खिडकीतून एकही दिवा दिसणार नाही. म्हणून घर पक्कं करण्याआधी गावाला एकदा नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत भेट द्या. उन्हाळ्यात बघून घर घेतलेली आणि पहिल्याच हिवाळ्यात परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटलं.

तिसरी पायरी: दोनशे वर्षांचा उतार बघा

'कासिनी' नावाने ओळखला जाणारा एक संशोधनसंच महाजालावर आहे. एका मोठ्या फ्रेंच समाजविज्ञान संस्थेने तो उभा केला. त्यात प्रत्येक कम्यूनची १७९३ पासूनची लोकसंख्या ओळीने मांडलेली आहे. आपल्या गावाचे आकडे कागदावर उतरवून त्यांची रेघ काढा. बहुतेक ठिकाणी ती एकोणिसाव्या शतकात चढते, मग उतरते, पहिल्या महायुद्धानंतर घसरते आणि १९४५ नंतर आणखी खाली जाते. काही गावांत १९७५ नंतर किंचित वर वळते.

क्रोझची रेघ मी स्वतः काढली होती. १८५१ मध्ये जिल्ह्यात २,८७,००० माणसं होती. आज १,१५,००० च्या आसपास आहेत. ही माणसं गेली कुठे? पॅरिस बांधायला. इथले पुरुष गवंडी होते. मार्चच्या सुमारास टोळ्या करून चालत निघायचे, नोव्हेंबरपर्यंत शहरात दगड लावायचे आणि हिवाळ्याला घरी यायचे. मार्तँ नादो हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला. १८१५ साली एका वाडीत जन्मला, १८३० मध्ये चौदाव्या वर्षी बापाबरोबर पॅरिसला गेला, गवंडीकाम करता करता शिकला, १८४९ मध्ये संसदेत निवडून आला आणि पुढे हद्दपारीही भोगली. रेल्वे आली तशी माणसं हंगामापुरती जाईनात, बायकामुलांसह कायमची जाऊ लागली. वर्षानुवर्षं घरी परत येणारा गवंडी पॅरिसकर झाला, आणि गावात उरल्या चिरेबंदी भिंती. तुम्ही भाड्याने घ्याल त्या घराच्या भिंती इतक्या सुबक का, याचं उत्तर इथे आहे.

ही रेघ काढल्याचा एक व्यावहारिक फायदा सांगते. म्हातारी शेजारीण जेव्हा म्हणते, "पूर्वी इथे तीन कॅफे होते," तेव्हा ती किती मोठं काही गमावल्याचं बोलते आहे, हे तुम्हाला कळतं. त्यावर "किती शांत गाव आहे!" असं म्हणू नका.

चौथी पायरी: पोहोचल्यावर स्मारकासमोर थांबा

जवळजवळ प्रत्येक कम्यूनमध्ये पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक असतं. नावं मोजा आणि आडनावं बघा. एकच आडनाव तीनदा दिसलं तर बहुधा भाऊ किंवा चुलतभाऊ. मग टपालपेट्यांवरची आडनावं वाचा. स्मारकावर आहेत आणि पेट्यांवरही आहेत, ती गावची जुनी घराणी. ज्या वाडीतून एका पिढीचे चार-पाच तरुण गेले तिथे पुढे मुलं कमी जन्मली, शेतं पडीक राहिली आणि तुमच्या रेघेवरचा १९२१ चा ठिपका खाली आला.

आमच्या जिल्ह्यात झाँत्यू नावाचं गाव आहे. तिथलं १९२२ चं स्मारक वेगळं आहे. शाळकरी अनाथ मुलगा, हातात टोपी, मूठ वळलेली, आणि समोरच्या दगडावर कोरलेलं आहे: युद्धाचा धिक्कार असो. सरकारी अधिकाऱ्यांनी कित्येक दशकं त्याकडे पाठ फिरवली. जमलं तर मुलांना घेऊन जा. याच्या उलट नॉर्मंडीतलं तिएरव्हिल. तिथे स्मारकच नाही, कारण त्या गावाने महायुद्धांत एकही माणूस गमावला नाही. आणि पहिल्या महायुद्धातल्या व्हेर्दँच्या रणभूमीवरची सहा गावं अशी, की ती पूर्ण नष्ट झाली, तिथे आज रहिवासी शून्य आहेत, तरीही ती कम्यून म्हणून कायम ठेवली आहेत आणि त्यांना मेर नेमला जातो.

उत्तरेकडे, पा-द-काले जिल्ह्यात राहायला जाणाऱ्यांनी न्यूव-शापेल हे गाव बघावं. तिथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी हे गाव परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या बांधकाम करणाऱ्या जवानांच्या, २० व्या आणि २१ व्या कंपन्या रायफली घेऊन घराघरांत लढल्या. या सॅपर्सचं मूळ ठाणं पुण्याजवळच्या खडकीचं. त्या गावात "आम्ही भारतातून आलो" असं म्हटलंत तर लोक तुम्हाला परके धरत नाहीत.

पाचवी पायरी: तुमच्या घरात आधी कोण राहत होतं?

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१८३६ पासून १९३६ पर्यंत दर पाच वर्षांनी (१८७१ ची मोजणी १८७२ ला झाली, १९१६ ची झालीच नाही) गावोगावी नावानिशी याद्या केल्या जात. जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या बहुतेक ठिकाणी फुकट बघता येतात. यादी वाडीवार असते. तुमच्या वाडीचं नाव शोधा, मग घर, मग कुटुंब: आडनाव, नाव, वय, धंदा, कुटुंबप्रमुखाशी नातं. हस्ताक्षर पहिल्यांदा लागत नाही. तीनच शब्द आधी ओळखायला शिका: 'मासाँ' म्हणजे गवंडी, 'क्युल्तिव्हातर' म्हणजे शेतकरी, 'दोमेस्तिक' म्हणजे घरगडी. एवढ्यावर अर्धं पान उलगडतं.

१९०६ ची यादी उघडून आमच्या वाडीत बघितलं. आज जिथे आम्ही चौघं आणि एक वृद्ध जोडपं राहतो, तिथे सात चुली होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी सासू, सून, तीन मुलं आणि एक गडी. ती नावं मी वहीत लिहून घेतली आणि शेजारच्या आजोबांना दाखवली. त्या तीन मुलांतली एक त्यांची आजी निघाली. त्या दिवसापासून ते आम्हाला बटाटे आणून देतात.

१९२६ आणि १९३१ च्या याद्यांत राष्ट्रीयत्वाचा रकाना बघायला विसरू नका. युद्धाने माणसं खाल्ली तेव्हा पोलंड, इटली, स्पेनमधून कामकरी आले. १९३१ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २७ लाख परदेशी होते. गावातली आज पक्की फ्रेंच वाटणारी काही आडनावं त्या रकान्यातून आलेली असतात.

जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी १७९२ पासून मेरीकडे आहेत, त्याआधीच्या पाद्र्यांच्या वह्यांत. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात, मृत्यूच्या २५ वर्षांनी. जिवंत माणसांच्या घरच्या गोष्टी मात्र वह्यांत शोधत बसू नका. त्या त्यांनी सांगितल्या तरच ऐकायच्या.

सहावी पायरी: मेरीत स्वतःहून जा

जर्मनीत पत्त्याची नोंद सक्तीची असते, फ्रान्समध्ये नसते. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तर तुम्ही आल्याची कागदोपत्री खबर गावाला कित्येक महिने लागणार नाही. परदेशी नागरिकाने निवासपरवान्यावरचा पत्ता तीन महिन्यांत बदलून घ्यायचा असतो, पण तो प्रेफेक्त्यूरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीकडे, महाजालावरून. मेरीशी त्याचा संबंध नाही. तरीही पहिल्याच आठवड्यात मेरीत जा. लहान गावात ती आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते, वेळा दारावर लिहिलेल्या असतात.

कारभार खऱ्या अर्थाने चालवणारी व्यक्ती म्हणजे मेरीची सचिव. शाळेचा प्रवेश, शाळेच्या बसची चौकशी, कचरा केंद्राचं कार्ड, सभागृह भाड्याने घेणं, सगळं तिच्याकडून कळतं. मुलं असतील तर हेही विचारा, की शाळा याच गावात आहे की आसपासच्या दोन-तीन गावांनी वर्ग वाटून घेतले आहेत. ही वाटणी आता फार ठिकाणी आहे: लहानगे एका गावात, मोठे दुसऱ्या गावात, मध्ये बस. मूल ज्या वर्षी तीन वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून शिक्षण सक्तीचं आहे. मुलांची नावं लवकर द्या, कारण पुढच्या वर्षीचे वर्ग हिवाळ्यातच पटावरून ठरायला लागतात.

पंचायतीतली माणसंही लोकसंख्येवर ठरतात: १०० पेक्षा कमी वस्तीला ७ सदस्य, ५०० च्या आत ११, १,५०० च्या आत १५. भारतीय नागरिकत्वावर इथे मत देता येत नाही. पण पंचायतीच्या सभा खुल्या असतात. मागच्या खुर्चीवर बसून ऐका. भाषाही सुधारते आणि कोण कोणाशी बोलत नाही तेही समजतं.

सातवी पायरी: रोजची वागणूक

रस्त्यात दिसेल त्या प्रत्येकाला 'बाँजूर' म्हणा. दुकानात शिरताना आधी बाँजूर, मग काम. हे चुकलं तर पुढचं सगळं बिनसतं. वडीलधाऱ्यांना नेहमी 'व्हू', म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'त्यू' म्हणायला त्यांनी सांगेपर्यंत थांबा. बारा ते दोन कोणाच्या दारात जाऊ नका, जेवणाची वेळ असते.

पावाचं दुकान नसेल तर पाववाल्याची गाडी ठरलेल्या दिवशी भोंगा वाजवत येते. तिच्याकडून घ्याच, सुपरमार्केट स्वस्त असलं तरी. चार घरांनी घेणं बंद केलं की ती गाडी यायची थांबते, आणि तिची वाट बघत बसणाऱ्या आजींना दिवसभरात दुसरं कोणी भेटत नाही.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजला तर घाबरू नका, ती चाचणी असते. चर्चची घंटा एकेक ठोका देत सावकाश वाजली तर कोणीतरी गेलं आहे. मेरीच्या फळ्यावर नाव बघा आणि ओळख अगदी थोडी असली तरी अंत्यविधीला जा. कोंबडा, घंटा, शेणाचा वास यांची तक्रार करू नका. २०२१ च्या कायद्याने ग्रामीण भागातले आवाज आणि वास वारसा म्हणून जपले आहेत.

मिसळायचं असेल तर उत्सव समितीत काम मागा. खुर्च्या मांडायला माणूस नेहमीच कमी पडतो. ११ नोव्हेंबरला सकाळी स्मारकाजवळ जमतात. मोठ्याने नावं वाचली जातात, प्रत्येक नावानंतर 'मोर पूर ला फ्राँस', म्हणजे फ्रान्ससाठी वीरगती. तिथे नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

आठवी पायरी: मोजले जा

पाच वर्षांतून एकदा, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, गणक दारात येतो. बहुधा तो ओळखीचाच असतो. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारा गणक खरा नसतो. तुमचं राष्ट्रीयत्व कोणतंही असो, तुम्ही नेहमी इथे राहता ना, मग तुम्ही मोजले जाता. ही माहिती परवाना देणाऱ्या खात्याकडे किंवा करखात्याकडे जात नाही, तेव्हा "आपण परके, कशाला नाव द्या" असा संकोच करू नका. तान्ह्या बाळाचंही नाव लिहा. सरकारकडून कम्यूनला मिळणारा निधी लोकसंख्येवर ठरतो. तुम्ही चौघं फॉर्म न भरता राहिलात, तर दीडशेच्या गावाचं पुढची पाच वर्षं नुकसान होतं.

वर्षाच्या सुरुवातीला मेर गावाला शुभेच्छा देतो. सभागृहात सगळे जमतात. वर्षभरात किती जन्म, किती लग्नं, किती मृत्यू, हे तो वाचून दाखवतो आणि मग नव्या कुटुंबांची नावं घेतो. नाव घेतलं की उभं राहायचं, सगळ्यांकडे बघून बाँजूर म्हणायचं. मग 'गालेत' कापतात, बदामाच्या सारणाचा गोल केक. त्यात एक छोटी मूर्ती लपवलेली असते, आणि कोणता तुकडा कोणाचा हे ठरवायला सर्वांत लहान मूल टेबलाखाली शिरतं. तुमचं मूल लहान असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. आमच्या गावात ते काम दोन वर्षं आमच्या धाकटीकडे होतं.